रुसव्यापासून हरकतीपर्यंत

आगाशीजवळ एक शिलालेख सापडला आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी हरिपालदेवाच्या कारकिर्दीतला, शके 1072 चा, म्हणजे इ.स. 1150 च्या सुमाराचा. शूर्पारक म्हणजे आजचं सोपारा. त्या परिसरातल्या ‘वट्टार’ या गावाचा उल्लेख या लेखात येतो. हेच आपलं वटार. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या अलीकडे, निर्मळ, राजोडी, नंदाखाल आणि आगाशी यांच्या शेजारात वसलेलं, केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांचं गाव.

शिलाहारांच्या दानलेखांची एक ठरलेली रीत होती. दान कुणी दिलं, कुणाला दिलं, साक्षीला कोण होतं हे सगळं सांगून झालं की शेवटी शाप यायचा. पुढे जो कुणी हे दान मोडेल, त्याच्यासाठी. कोकणात कितीतरी ठिकाणी हा शाप चित्र म्हणूनही दगडावर कोरलेला दिसतो. त्या दगडांना गधेगाळ म्हणतात. मुंबईत परळला सापडलेला अपरादित्याचा शके 1108 चा लेख या बाबतीत फार बोलका आहे. त्याचा मजकूर संस्कृतात आहे आणि शापाची वेळ येते तेव्हा लेख मराठीत उतरतो. दान देवभाषेत दिलं, दम मात्र लोकांच्या भाषेत भरला. ज्याला तो भरायचा त्याला कळायला हवा, एवढा साधा हिशोब त्यामागे असणार. आणि त्या शापात विटंबना कुणाची? दान मोडणाऱ्याच्या आईची. अपराध अजून घडलेला नाही, ज्याने तो करायचा तो अजून जन्मलेलाही नसेल, आणि भोग एका बाईच्या माथी. आज एस.टी.च्या रांगेत, रेल्वेच्या डब्यात, शाळेच्या मैदानावर कानावर पडणाऱ्या बहुतेक शिव्यांचा साचा हाच आहे. साडेआठशे वर्षांत आपण एवढं एक बदलू शकलो नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अ. द. मराठे यांनी मराठी शिव्यांवर आख्खं पुस्तक लिहिलं. शिव्यांचा अभ्यास करायला हवा असं मानणारी माणसं आपल्याकडे कमी, म्हणून त्यांच्या कामाची आठवण इथे करून ठेवतो.

पण शिवी म्हणजे नाराजीचं शेवटचं टोक. त्याच्या आधी फार मोठा प्रदेश पसरलेला आहे. रुसवा, अबोला, कुरकुर, धुसफूस, त्रागा, खंत, तक्रार, गाऱ्हाणं, हरकत, निषेध. यातला शब्द आपण रागाच्या तापमानावरून निवडतो असं वाटतं, पण तसं नाही. ज्याच्यावर आपण नाराज आहोत तो आपला कोण लागतो, यावर शब्द ठरतो. रुसावं ते आपल्या माणसावर. परक्यावर कुणी रुसत नाही. तलाठ्यावर रुसता येत नाही, महापालिकेवर रुसता येत नाही. आणि सख्ख्या भावाविरुद्ध ज्या दिवशी ‘हरकत’ दाखल होते, त्या दिवशी घर आतून दुभंगलेलं असतं.

वटारच्या पट्ट्यात हे जास्त ठळकपणे ऐकू येतं, कारण इथल्या माणसाला दिवसभरात अनेक भाषांतून वावरावं लागतं. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची कादोडी, वाडवळांची वाडवळी, अर्नाळ्याकडच्या किनाऱ्यावरची कोळ्यांची बोली. त्याला लागून शाळेतली आणि वर्तमानपत्रातली मराठी, नालासोपारा स्टेशनजवळची हिंदी, दुकानातली गुजराती. सामवेदी ख्रिस्ती समाज स्वतःला कुपारी म्हणवतो. धर्मपित्याच्या नात्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून हे नाव आलं असं मानलं जातं. म्हणजे एका समाजाचं नावच मुळात नात्याच्या हाकेवरून पडलेलं. पोर्तुगीज वसईत 1739 पर्यंत, दोनशेहून अधिक वर्षं होते. पाव, पगार, चावी, बटाटा, इस्त्री असे कितीतरी पोर्तुगीज शब्द मराठीत रुळले. ते वस्तूंचे आणि व्यवहाराचे. राग लोक आपल्याच बोलीत काढत राहिले.

नाराजीचे मराठी शब्द एकेक करून पाहिले की त्यांचे तीन थर दिसू लागतात. घरातले शब्द इथल्या मातीतले आहेत: रुसणं, फुगणं, कुरकुरणं, धुसफुसणं, करवादणं. कचेरीतले फारसी-अरबीतून आले: तक्रार, फिर्याद, अर्ज, हरकत, दाद मागणं. ‘नाराजी’ हा शब्दही तिकडचाच. आणि सभेतले संस्कृतातून: निषेध, धिक्कार, आक्षेप, बहिष्कार. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश झाला. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा तो मोठा उद्योग. तरी तक्रार आणि हरकत जागच्या हलल्या नाहीत. सरकार बदललं तरी कचेरीशी असलेलं रयतेचं नातं फारसं बदललं नाही, हे त्याचं कारण असावं असं मला वाटतं.

घरातल्या थरावर थोडं रेंगाळायला हवं, कारण श्रीमंती तिथे आहे. लहान मूल हिरमुसतं. थोडं मोठं झालं की फुरंगटून बसतं. मनासारखं झालं नाही की माणूस खट्टू होतो. या तिन्हीत राग थोडा, दुखावलेपण जास्त. पुढचे शब्द मात्र पायरी पाहून वापरायचे असतात. मालक डाफरतो, गडी कुरकुरतो. साहेब खेकसतो, कारकून धुसफुसतो. गडी मालकावर डाफरला असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर ती त्या दिवसाची बातमी असते. सत्ता कुणाकडे आहे हे क्रियापदच सांगून टाकतं. करवादणं हे दमलेल्या माणसाचं: दिवसभर राबून आलेली बाई पोरांवर करवादते, आणि ऐकणाऱ्याला कळतं की हा राग पोरांवरचा नाही. आदळआपट भांड्यांच्या तोंडून बोलते. त्रागा तर फारच वेगळा शब्द. त्रागा करणारा माणूस दुसऱ्यावर चिडून स्वतःला इजा करून घेतो. ताटावरून उठतो, उपाशी झोपतो, डोकं आपटून घेतो. ज्याला दुसऱ्याला दुखवण्याचा अधिकार नाही, त्याच्या वाट्याला आलेलं हे हत्यार. म्हणूनच तो करणाऱ्यांत बायका आणि मुलं जास्त दिसतात, आणि ‘उगाच त्रागा करू नकोस’ असं म्हणणारा बहुधा घरातला कर्ता पुरुष असतो.

आणि अबोला. न बोलण्याला आपल्याकडे नाव आहे, आणि तो वस्तूसारखा धरता येतो, सोडताही येतो. नवरा-बायकोत अबोला असला तरी घर चालूच असतं, कारण मधे मुलं असतात. ‘बाबांना सांग, ताट वाढलंय.’ बाबा दोन हातांवर बसलेले असतात, त्यांना ऐकू गेलेलं असतं. मूल तरीही जाऊन सांगतं. ‘आईला सांग, भूक नाही.’ मूल पुन्हा येतं. या येरझाऱ्यांत मुलाला पुष्कळ कळतं. राग आहे, तरी ताट वाढलेलं आहे. भूक नाही म्हटलं, तरी बाबा ताटाकडे बघतायत. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आई थेट बोलते: ‘अहो, गार होतंय.’ अबोला सुटला हे कुणी जाहीर करत नाही.

व्याकरणही या कामी येतं, आणि मराठी व्याकरणाच्या पुस्तकांनी इकडे पुरेसं लक्ष दिलेलं नाही. ‘करून दिलंस’ यात कौतुक, ‘करून ठेवलंस’ यात कपाळाला हात. ‘तो हो म्हणाला’ ही बातमी. ‘तो हो म्हणून बसला’ म्हटलं की बोलणाऱ्याला ते पटलेलं नाही. पाहुणे आले, आणि पाहुणे येऊन टपकले. बाकीचं वाक्य तसंच, एका सहायक क्रियापदात मन उघडं पडतं. सर्वनामांचंही तसंच. रोज ‘तू’ म्हणणारी आई एखाद्या सकाळी ‘उठलात का?’ विचारते, तेव्हा पोरगा समजतो की काल रात्री उशिरा आल्याचं कळलेलं आहे. आदर वाढला म्हणजे अंतर वाढलं. नावडत्या माणसाला नपुंसकलिंगात टाकायची सोयही आहे: ‘ते कशाला आलंय?’ आणि जोडशब्दाने उडवून लावायची: ‘मीटिंग-बिटिंग काही नाही, घरी बस.’ पण लिंगाचा हा खेळ मायेलाही उपयोगी पडतो. ‘किती वाळलंय ते!’ म्हणणारी आजी नातवाचा अपमान करत नसते.

किनाऱ्यावर तर माया आणि शाप यांची सरमिसळ फार जुनी. ‘मेल्या, जेवलास का?’ या वाक्यात मरणाचं नाव आणि जेवणाची काळजी शेजारी शेजारी बसतात. ज्याला हे ऐकायची सवय नाही तो दचकतो. ज्याला सवय आहे तो आजीने नुसतं ‘बाळ, जेवलास का?’ विचारलं तर घाबरेल, काहीतरी बिनसलंय असं समजेल. बाजारात मासळी विकताना हीच बाई गिऱ्हाइकाशी वेगळी वागते. फारच पाडून भाव मागितला की ती भांडत नाही, शिवी देत नाही, ओरडत नाही. पाटीवरचं ओलं फडकं मासळीवर ओढते आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाकडे बघते. ‘पुढं व्हा’ हे दोन शब्द बोललीच तर त्यात तुम्ही आता गिऱ्हाईक राहिला नाहीत, हे येतं. परक्याशी नातं तोडायला फार शब्द लागत नाहीत. शब्द लागतात ते नातं न तोडता बोलायला.

त्या कलेत मराठी मन किती मुरलेलं आहे ते पाहायचं तर पंढरपूरला जावं लागतं. लोककथा सांगते की रुक्मिणी रुसली आणि द्वारका सोडून दिंडीरवनात येऊन राहिली. तिला शोधत कृष्ण आला, वाटेत पुंडलिकाच्या दारी थांबला, तो विटेवर उभाच राहिला. आपल्या सगळ्यात लाडक्या दैवताचं इथलं ठाणं बायकोच्या रुसव्यामुळे झालं, असं मानणारा हा समाज आहे. आजही पंढरपुरात दोघांचे गाभारे वेगळे. ज्ञानेश्वर लोकांच्या बोलण्याने दुखावले आणि खोपटाची ताटी लावून आत बसले. मुक्ताबाई बाहेरून विनवत राहिली. ती ज्ञानेश्वरांपेक्षा वयाने लहान. तिचे ताटीचे अभंग म्हणजे धाकट्या बहिणीने थोरल्या भावाचा रुसवा काढण्याचं मराठीतलं सर्वांत सुंदर उदाहरण आहे, असं मी मानतो. जनाबाई तर विठ्ठलावरच तोंड सोडते. घरच्या पोराला घालाव्यात तशा शिव्या देवाला घालते, आणि वारकऱ्यांना त्यात कधी पाखंड दिसलं नाही. तुकोबाही देवाशी भांडले. देवाशी भांडता येतं कारण तो घरचा आहे. या संतांनी देवाकडे अर्ज केला नाही, फिर्याद ठोकली नाही. ते रुसले, भांडले, पुन्हा बोलले.

बायकांच्या नाराजीची नोंद कुठे शोधायची? जात्यावर. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत सासूबद्दल, नवऱ्याबद्दल, जावेबद्दल, माहेरच्या विसरभोळ्या भावाबद्दल जे बोललं गेलं, ते त्या बाईला तोंडावर बोलता आलं नसतं. पहाटेच्या वेळी, जात्याच्या घरघरीच्या आडून, ओवीत घालून ते म्हणता येत होतं. घरातले सगळे ऐकत होते आणि कुणीच ऐकलं नाही असं धरून चालत होते. भोंडल्याच्या गाण्यांतली सासरची गाऱ्हाणीही याच जातीची. गिरण आली, जातं कोपऱ्यात गेलं. कष्ट वाचले हे फार चांगलं झालं. पण जे बोलायला जातं लागत होतं ते आता कुठे बोलायचं, याचा विचार घरातल्या कुणी केला नाही.

पुरुषांना आणि गावाला मात्र सण मिळाला. होळी. कोळीवाड्यांत तर होळी हा वर्षाचा मोठा सण. त्या रात्री बोंब मारायची मुभा असते, ज्याच्या नावाने मारायची त्याच्या नावाने. ‘शिमगा करणं’ हा वाक्प्रचार त्यातूनच पक्का झाला. मुभेला मुदत असते हे महत्त्वाचं. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर होडी ओढायची असते, त्यामुळे रात्रीची बोंब सकाळी पुढे चालवायची नसते. लग्नातही अशी राखीव जागा ठेवलेली आहे. कानपिळीत नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो: बहिणीला नीट वागव. सगळे हसतात, भावाला आहेर मिळतो. पण जो इशारा द्यायचा तो दिला जातो, आणि तो सगळ्यांसमोर दिला जातो.

ही सगळी साधनं माणसं एकमेकांना ओळखतात तोवर चालतात. वसईत गेल्या चाळीसेक वर्षांत जे घडलं, त्यात समोरचा माणूसच अनोळखी होत गेला. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहिल्या. त्यांना पाणी हवं होतं. पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यांच्या विहिरींवर टँकर लागू लागले. समुद्र जवळ असलेल्या जमिनीतून गोडं पाणी उपसत गेलं की खारं पाणी आत सरकतं. केळीच्या, पानवेलीच्या, मोगऱ्याच्या मुळांना ते आधी कळतं, माणसाला नंतर. 1990 मध्ये या भागाच्या नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं. शेजारच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं. त्यात बायका मोठ्या संख्येने उतरल्या. दिब्रिटो म्हणजे ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. संमेलनाध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा एका धर्मगुरूच्या नावाला विरोध झाला, धमक्याही आल्या. ते आजारी असतानाही उस्मानाबादला गेले. 25 जुलै 2024 रोजी ते वारले. पाण्याबद्दलचा गावाचा राग त्यांनी प्रमाण मराठीत मांडला आणि तो मांडताना त्याची धार जाऊ दिली नाही. अशी माणसं कुठल्याही भागाला फार थोडी मिळतात.

घरातला शब्द सरकारपुढे नेण्याची ताकद मराठीत आधीपासून होती. जुलै 1897 मध्ये केसरीत ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख आला. डोकं ठिकाणावर आहे का, हे आपण दूध उतू घालवणाऱ्या पोराला विचारतो. टिळकांनी तेच इंग्रज सरकारला विचारलं, आणि महाराष्ट्राला ते कळलं. समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यानंतर सभेतल्या नाराजीने मात्र संस्कृत शब्द धरले: तीव्र निषेध, जाहीर धिक्कार. हे शब्द इतक्यांदा वापरले गेले की आता बातमीत ते वाचताना डोळा पुढे सरकतो. ‘ठिय्या’ अजून जिवंत आहे, कारण त्यात माणूस खरोखर जमिनीवर बसलेला दिसतो.

3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. गावांनी विरोध केला. त्याच वर्षी विधानसभेला वसईतून विवेक पंडित अपक्ष निवडून आले, त्यात या विरोधाचा मोठा वाटा होता. 31 मे 2011 रोजी शासनाने 29 गावं महापालिकेतून वगळण्याचा निर्णय काढला. त्यात वटारही आलं. महापालिका उच्च न्यायालयात गेली, स्थगिती मिळाली, आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळत राहिलं. 2024 मध्ये शासनाने तो जुना निर्णय मागे घेतला, गावं महापालिकेत ठेवण्याच्या दिशेने अधिसूचना काढली आणि नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवल्या.

या दोन शब्दांपाशी गावाला यावं लागतं. हरकत तोंडी चालत नाही. ती लेखी, मुदतीत, ठरलेल्या पत्त्यावर द्यावी लागते. असं धरू या की वाडीतल्या एका आजीचं म्हणणं कागदावर उतरवायचं आहे. ती आपल्या बोलीत सांगते: आमच्या विहिरीचं पाणी नेलं, फुलं जळली, आता घरपट्टी वाढवतील, आणि विचारायला कुणाकडे जायचं ते कळत नाही, मेल्यांना वाटेला लागायला काय झालंय! शेजारचा शिकलेला मुलगा लिहू लागतो. प्रति, मा. सचिव. विषय, दोन ओळींचा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून मी खाली सही करणार. विहीर ‘सदर परिसरातील भूजल पातळी’ होते. जळलेली फुलं ‘बागायती क्षेत्राचे नुकसान’ होतात. घरपट्टीची भीती ‘करवाढीची शक्यता नाकारता येत नाही’ अशी होते. ‘मेल्यांना’ गळतं, ते गळायलाच हवं असं सगळे मान्य करतील. पण त्याच्या आधीचं ‘विचारायला कुणाकडे जायचं’ हेही गळतं, कारण त्याला अर्जात जागा नाही. आजीचा मुख्य मुद्दा तोच होता. शेवटी ‘तरी मेहरबानांनी विचार करावा’, अंगठा किंवा सही, आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच. पोहोचेचा शिक्का पडला की हरकत झाली. मुलाचा यात काही दोष नाही. त्याला जी भाषा शाळेने आणि कचेरीने दिली, ती त्याने इमानाने वापरली. किंबहुना त्याच्यासारखी मुलं होती म्हणूनच गावाचं म्हणणं कागदावर तरी राहिलं.

ग्रामपंचायत होती तेव्हा आजीला हा प्रवास करावा लागत नव्हता. ग्रामसभेत ती उठून कादोडीत बोलू शकत होती. समोर सरपंच असायचा, तो तिच्या दिराच्या नात्यातला किंवा तिच्या मुलाच्या वर्गातला. तो डाफरला तर सभेत लोक हसायचे आणि त्यालाही हसावं लागायचं. 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा दिली, 1993 पासून. महापालिका होताच गावातली ती सभा गेली. तिच्या जागी प्रभाग आला, प्रभाग समितीचं कार्यालय आलं, ऑनलाइन तक्रार आली आणि तक्रारीचा क्रमांक आला. ‘गाव वगळा’ म्हणणाऱ्यांच्या मागण्यांत हिरवा पट्टा आणि कर यांची चर्चा जास्त झाली. माझ्या मते त्यांच्यामागे हेही दुःख होतं की समोरासमोर नाराज होण्याची जागा गेली. ज्याच्यावर रुसता येत नाही त्याच्याकडे दाद मागत राहावं लागतं, आणि मागणारा दमतो.

हे सांगताना जुन्या गावाचं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. समोरासमोरच्या नाराजीचं एक भयंकर रूप गावांनीच घडवलं: वाळीत टाकणं. अबोला घरात दोन दिवसांत सुटतो, कारण ताट वाढलेलं असतं. गावाने धरलेला अबोला पिढ्यानपिढ्या सुटत नाही. लग्नाला बोलावणं नाही, दुकानात माल नाही, मयताला खांदा नाही. कोकणातून अशी प्रकरणं पुन्हापुन्हा पुढे आली. महाराष्ट्राने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. तो जुलै 2017 पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. तिथे मात्र कचेरीचा थर माणसाच्या बाजूने उभा राहिला. गावाच्या बोलीत ज्याला न्याय मिळाला नाही, त्याला फिर्यादीच्या भाषेत मिळाला.

आता वटारच्या रस्त्यावर शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या तोंडी नवे शब्द आहेत. ‘डोक्याला शॉट आहे यार.’ ‘पकवू नको.’ ‘तो माझ्या डोक्यात जातो.’ ‘मी इरिटेट झालोय.’ हे शब्द मला परके वाटत नाहीत. ‘डोक्यात जाणं’ तर अस्सल मराठी घडणीचा वाक्प्रचार आहे, आणि शहरातल्या गर्दीत रोज धक्के खाणाऱ्या माणसाला तो नेमका लागू पडतो. काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. रुसवा काढता येतो, समजूत घालता येते, फुगवा उतरवता येतो. इरिटेट झालेल्या माणसाचं पुढे काय करायचं, हे त्या शब्दात नाही. त्यात समोरच्याला करण्यासारखं कामच उरत नाही. मग फोनमध्ये ब्लॉक केलं जातं, आणि मधे येरझाऱ्या घालणारं मूल तिथे नसतं.

मुलांच्या शब्दांवर उपाय शाळेत किंवा कोशात सापडणार नाही, तो घरात सापडला तर सापडेल. हरकतीचं मात्र तसं नाही. तिथे काय करायचं ते स्पष्ट आहे आणि फारसा पैसाही लागत नाही. गावांच्या भवितव्याची सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी न घेता वटार, निर्मळ, आगाशीसारख्या गावांतच घ्यावी. ज्याला कादोडीत किंवा वाडवळीत बोलायचं आहे त्याला बोलू द्यावं. बोली जाणणारा एक लेखनिक बसवावा आणि म्हणणं जसं आलं तसं उतरवून घ्यावं. त्याचा सरकारी मराठीतला गोषवारा वेगळ्या कागदावर जोडावा, मूळ काढून टाकू नये. आणि निर्णयाच्या आदेशात ‘प्राप्त हरकतींचा विचार करून’ एवढं म्हणून भागवू नये. कुठल्या हरकतीचा काय विचार झाला, हे ज्याने ती दिली त्याला त्याच्या दारी येऊन सांगावं.